वाक्य सिम्पल, कंपाउंड की कॉम्प्लेक्स, हे ओळखायचे कसे?

आपला प्रश्न असा आहे की, दहावीत शिकणाऱ्या आपल्या मुलाकडून 'अँड' किंवा 'बट' दिसले की वाक्य कंपाउंड आणि 'बिकॉज', 'व्हेन' किंवा 'इफ' दिसले की कॉम्प्लेक्स, असा नियम पाठ करून घेतला आहे. सोपी वाक्ये त्याला या नियमाने ओळखता येतात, पण सराव परीक्षेत बरीच उत्तरे चुकतात आणि ती का चुकली हे त्याला सांगता येत नाही. शाळेत अनेक वर्षे इंग्रजी व्याकरण शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा नियम अपुरा तर आहेच, शिवाय तो विद्यार्थ्याला चुकीच्या जागी पाहायला लावतो. वाक्याची रचना जोडशब्दावर ठरत नाही; ती वाक्यात काळ दाखवणारी क्रियापदे किती आहेत आणि त्यांची उपवाक्ये एकमेकांशी कोणत्या नात्याने बांधलेली आहेत, यावर ठरते. म्हणून पहिली नजर क्रियापदावर गेली पाहिजे आणि जोडशब्दाकडे सर्वांत शेवटी पाहिले पाहिजे.

उदाहरणे मी देवनागरीतच देतो, म्हणजे मुलाला ती मोठ्याने वाचून दाखवता येतील. 'राम अँड श्याम वेंट टू द मार्केट' या वाक्यात 'अँड' आहे, पण ते दोन नावांना जोडते आणि वाक्य सिम्पल आहे. 'वी स्टेड ॲट होम बिकॉज ऑफ द रेन' यात 'बिकॉज' दिसते, तरी हेही सिम्पलच. उलट 'आय थिंक ही इज इल' यात एकही जोडशब्द नाही, पण वाक्य कॉम्प्लेक्स आहे. आणि 'हॅड आय नोन, आय वुड हॅव कम' यातही जोडशब्द शोधून सापडत नाही, तरी तेही कॉम्प्लेक्स आहे. पाठ केलेला नियम या चारही ठिकाणी फसतो, आणि परीक्षेत नेमकी अशीच वाक्ये निवडली जातात.

इंग्रजीत काळ आणि कर्ता यांच्याशी बांधलेल्या क्रियापदाला फायनाइट व्हर्ब म्हणतात. ते ओळखण्याची सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे वाक्याचा काळ बदलून पाहणे. 'ही वॉन्ट्स टू बाय अ सायकल' हे वाक्य भूतकाळात नेले तर 'ही वॉन्टेड टू बाय अ सायकल' असे होते. बदल 'वॉन्ट्स'मध्ये झाला. 'टू बाय' जसेच्या तसे राहिले. म्हणून फायनाइट क्रियापद एकच आणि वाक्य सिम्पल. कर्ता बदलूनही हीच परीक्षा घेता येते: 'ही'च्या जागी 'दे' घातले की 'वॉन्ट्स'चे 'वॉन्ट' होते, मात्र 'टू बाय' हलत नाही. मुलाला व्याख्या सांगता आली नाही तरी चालेल, पण काळ बदलण्याची ही कृती त्याच्या हातात बसली पाहिजे.

येथे मोजणीत एक चूक हमखास होते. 'शी हॅज बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग' या वाक्यात विद्यार्थी 'हॅज', 'बीन' आणि 'वेटिंग' अशी तीन क्रियापदे मोजतात. साहाय्यक क्रियापदे आणि मुख्य क्रियापद मिळून एकच क्रियापदगट होतो आणि त्यात काळ दाखवणारा शब्द फक्त पहिला असतो. 'कुड हॅव बीन सेव्ह्ड', 'विल बी गोइंग' आणि 'डिड नॉट कम' हे सगळे एकेकच धरायचे. प्रश्नार्थक वाक्यात कर्ता मध्ये येतो आणि गट फुटल्यासारखा दिसतो, जसे 'डिड युवर ब्रदर कम?', तेथेही 'डिड' आणि 'कम' मिळून एकच. ओघात हेही सांगतो की, वाक्य विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी की उद्गारार्थी आहे, या वर्गीकरणाचा रचनेशी काही संबंध नाही. ही दोन वर्गीकरणे मुलांच्या मनात एकत्र मिसळलेली असतात आणि 'इंटरॉगेटिव्ह' हे उत्तर भलत्याच प्रश्नाला लिहिले जाते.

आता ज्या शब्दांमुळे सर्वाधिक गोंधळ होतो, त्यांच्याकडे वळतो. क्रियेचा अर्थ सांगणारे, पण काळाशी न बांधलेले शब्द इंग्रजीत मुख्यतः तीन रूपांत येतात: 'टू' लावलेले रूप, 'इंग'ने संपणारे रूप, आणि 'रिटन', 'ब्रोकन' किंवा 'अरेस्टेड' यांसारखे तिसरे रूप. मराठी माध्यमातून व्याकरण शिकलेल्या मुलाला ही कल्पना नवी नाही. 'घरी जाऊन जेवलो' या वाक्यात 'जेवलो' हे क्रियापद आहे आणि 'जाऊन' हे धातुसाधित आहे, हे त्याने मराठीच्या तासाला शिकलेले असते. 'दाराशी उभा असलेला मुलगा', 'रस्ता ओलांडताना' आणि 'भाजी आणायला' यांतील रूपेही धातुसाधितेच आहेत, आणि धातुसाधिताने वाक्य पूर्ण होत नाही, हाही नियम त्याला माहीत असतो. इंग्रजीतील नॉन-फायनाइट रूपांचे वागणे नेमके असेच आहे. 'सीइंग द पोलीस, द थीफ रॅन अवे' म्हणजे 'पोलिसांना पाहून चोर पळाला'. 'द बॉय स्टँडिंग निअर द गेट इज माय ब्रदर' म्हणजे 'फाटकाजवळ उभा असलेला मुलगा माझा भाऊ आहे'. दोन्ही इंग्रजी वाक्ये सिम्पल आहेत आणि त्यांची मराठी रूपे केवल वाक्ये आहेत. इंग्रजीच्या तासाला हा दुवा क्वचितच जोडून दाखवला जातो. तो जोडला तर निम्मे काम झालेलेच असते.

तिसऱ्या रूपाचा सापळा मात्र वेगळा आणि अधिक अवघड आहे, कारण असंख्य इंग्रजी क्रियापदांची दुसरी आणि तिसरी रूपे दिसायला एकसारखी असतात. 'द मॅन अरेस्टेड यस्टर्डे लिव्ह्ज इन अवर लेन' या वाक्यातील 'अरेस्टेड' भूतकाळी क्रियापद आहे की विशेषणासारखे आले आहे? माझी कसोटी अशी की, त्या जागी ज्याची दुसरी आणि तिसरी रूपे वेगळी आहेत असे एखादे क्रियापद ठेवून पाहावे, उदाहरणार्थ 'सॉ' आणि 'सीन'. 'द मॅन सीन यस्टर्डे लिव्ह्ज इन अवर लेन' हे बरोबर वाटते. 'सॉ' घातले तर वाक्य मोडते. म्हणजे 'अरेस्टेड' हे येथे तिसरे रूप आहे, नॉन-फायनाइट आहे, आणि वाक्य सिम्पल आहे. 'द पोलीस अरेस्टेड अ मॅन यस्टर्डे' यात उलट 'सॉ' बसते आणि 'सीन' बसत नाही, म्हणून तेथील 'अरेस्टेड' फायनाइट. ही अदलाबदल मनातल्या मनात काही क्षणांत करता येते.

एकदा फायनाइट क्रियापद एकच आहे अशी खात्री झाली की वाक्य सिम्पल, मग ते कितीही लांब असो. 'आफ्टर अ लाँग डे ऑफ वॉकिंग थ्रू द ड्राय फील्ड्स विथ हिज टू टायर्ड बुलक्स, द ओल्ड फार्मर सॅट डाउन अंडर द निम ट्री टू रेस्ट' या वाक्यात 'सॅट' हे एकमेव फायनाइट क्रियापद आहे, म्हणून तेही सिम्पलच. आणि 'आय नो ही लाइड' हे चार शब्दांचे वाक्य कॉम्प्लेक्स आहे. लांबीवरून अंदाज बांधण्याची सवय मोडण्यासाठी अशा जोड्या मुलासमोर ठेवाव्यात.

आपण किंवा आपला मुलगा पुढे मोठे ग्रंथ चाळाल तेव्हा एक वेगळे मत आढळेल, त्याची कल्पना आताच दिलेली बरी. आपल्या शाळांतील परंपरा 'टू बाय अ सायकल' किंवा 'सीइंग द पोलीस' यांना फ्रेज म्हणजे वाक्यांश मानते. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचे 1985 साली प्रसिद्ध झालेले विस्तृत इंग्रजी व्याकरण यांना नॉन-फायनाइट क्लॉज, म्हणजे एक प्रकारची उपवाक्येच मानते. त्या हिशोबाने 'सीइंग द पोलीस, द थीफ रॅन अवे' हेसुद्धा कॉम्प्लेक्स ठरते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्या मांडणीला भक्कम आधार आहे आणि मला ती पटते. परंतु शालेय उत्तरपत्रिका आणि बहुतेक स्पर्धा परीक्षा जुन्या परंपरेवर चालतात. म्हणून तेथे वाक्यांश हाच शब्द धरून चालावे आणि दोन पद्धतींची सरमिसळ एका उत्तरात करू नये.

फायनाइट क्रियापदे दोन किंवा अधिक निघाली की दुसरा प्रश्न येतो: ही उपवाक्ये बरोबरीची आहेत, की एक दुसऱ्याच्या पोटात आहे? बरोबरीची असतील तर कंपाउंड, म्हणजे आपल्या व्याकरणातले संयुक्त वाक्य; एक दुसऱ्यावर अवलंबून असेल तर कॉम्प्लेक्स, म्हणजे मिश्र वाक्य.

बरोबरीचे नाते जोडणारी इंग्रजी अव्यये मोजकीच आहेत: 'फॉर', 'अँड', 'नॉर', 'बट', 'ऑर', 'येट' आणि 'सो'. यांच्या आद्याक्षरांपासून 'फॅनबॉइज' हा शब्द लक्षात ठेवण्यासाठी तयार केलेला आहे आणि तो उपयोगी आहे, पण या अव्ययांच्या दोन्ही बाजूंना फायनाइट क्रियापद असेल तरच. यादीतील 'फॉर'कडे विशेष लक्ष द्यावे. 'ही डिड नॉट कम, फॉर ही वॉज इल' आणि 'ही डिड नॉट कम बिकॉज ही वॉज इल' यांचा अर्थ जवळजवळ एकच आहे, पण पहिले वाक्य कंपाउंड आणि दुसरे कॉम्प्लेक्स मानले जाते. याला एक रचनात्मक आधारही आहे: 'बिकॉज'चे उपवाक्य उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेता येते, 'फॉर'चे नेता येत नाही. 'फॉर ही वॉज इल, ही डिड नॉट कम' असे आजच्या इंग्रजीत कोणी लिहीत नाही. क्रियाविशेषणासारख्या गौण उपवाक्याची जागा बहुधा हलवता येते, बरोबरीच्या उपवाक्याची हलवता येत नाही. शंकेच्या वेळी ही परीक्षा फार कामाला येते. 'सो' आणि 'बट' यांनाही ती लावून पाहावी. मराठीतील 'कारण' हे अव्यय मात्र आपल्या व्याकरणात गौणत्वसूचक गटात धरले जाते, त्यामुळे 'फॉर'चा अर्थ 'कारण' असा पाठ केलेली मुले ते वाक्य मिश्र ठरवतात.

'हाउएव्हर', 'देअरफोर' आणि 'अदरवाइज' हे शब्द खरे तर क्रियाविशेषणे आहेत. अर्धविरामानंतर ते आले आणि दोन्हीकडे पूर्ण उपवाक्ये असली तर वाक्य कंपाउंड धरावे. कधी कधी नुसता अर्धविरामच दोन उपवाक्ये जोडतो आणि तेही कंपाउंडच असते.

येथे एक खरा मतभेद आहे आणि इंटरनेटवर शोधणाऱ्या पालकांची त्यात हमखास फसगत होते. 'सीता ओपन्ड द बॉक्स अँड टुक आउट अ लेटर' या वाक्यात फायनाइट क्रियापदे दोन, पण कर्ता एकच आहे. अमेरिकी शालेय परंपरेत हे सिम्पल वाक्य मानतात आणि त्याला 'कंपाउंड प्रेडिकेट' असलेले सिम्पल वाक्य म्हणतात. भारतात रुळलेल्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत मात्र दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता 'शी' हा अध्याहृत आहे असे धरून वाक्य कंपाउंड ठरवतात. आपल्याकडील रूपांतराचे प्रश्न याच पायावर उभे आहेत: 'फिनिशिंग हिज वर्क, ही वेंट होम' या सिम्पल वाक्याचे कंपाउंड करा म्हटले की 'ही फिनिश्ड हिज वर्क अँड वेंट होम' हेच उत्तर अपेक्षित असते. 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो' वापरून दोन क्रियापदे जोडली तरी हाच न्याय लागतो. माझा सल्ला असा की, आपल्या परीक्षांसाठी याला कंपाउंड लिहावे आणि अमेरिकी संकेतस्थळावर 'सिम्पल' असे उत्तर दिसले तर गोंधळून जाऊ नये. दोन्ही उत्तरे आपापल्या व्यवस्थेत बरोबर आहेत.

कॉम्प्लेक्स वाक्यात खरी अडचण 'व्हेन', 'इफ' किंवा 'दो' दिसतात तेथे येत नाही. जोडशब्द गाळलेला असतो तेथे येते. 'आय थिंक ही इज इल' यात 'दॅट' गाळलेले आहे. 'द फिल्म वी सॉ ऑन संडे वॉज टू लाँग' यात 'व्हिच' किंवा 'दॅट' गाळलेले आहे. दोन नामे किंवा सर्वनामे एकापाठोपाठ एक, मध्ये काहीही नसताना आली, जसे येथे 'द फिल्म' आणि 'वी', की गाळलेल्या शब्दाचा संशय घ्यावा. 'हॅड आय नोन', 'वेअर आय यू' आणि 'शुड यू नीड हेल्प' यांत 'इफ' नाहीसे होऊन साहाय्यक क्रियापद पुढे आलेले असते. पुढे प्रश्नचिन्ह नाही आणि क्रम मात्र प्रश्नासारखा आहे, हीच त्याची खूण. क्रियापदे मोजणारा विद्यार्थी येथे अडकत नाही, कारण दोन फायनाइट गट त्याला आधीच सापडलेले असतात आणि नंतर तो फक्त नाते शोधत असतो.

एकच शब्द दोन कामे करतो, हा दुसरा अडथळा. 'ही लेफ्ट बिफोर लंच' यात 'बिफोर' नामाला जोडून आला आहे आणि वाक्य सिम्पल आहे. 'ही लेफ्ट बिफोर द गेस्ट्स केम' यात त्याच्यानंतर कर्ता आणि फायनाइट क्रियापद आले, म्हणून कॉम्प्लेक्स. 'आफ्टर', 'सिन्स' आणि 'अन्टिल' यांचेही असेच. नव्या व्याकरणकारांपैकी काही जण, विशेषतः 2002 साली केंब्रिजकडून आलेल्या व्याकरणाचे कर्ते हडलस्टन आणि पुलम, 'बिफोर'ला दोन्ही ठिकाणी प्रिपोझिशनच म्हणतात. पण शब्दाचे नाव काहीही ठेवले तरी त्याच्यापाठोपाठ उपवाक्य आले आहे की नाही, हे पाहणे चुकत नाही. 'दॅट'ची तर तीन कामे आहेत: 'आय लाइक दॅट हाउस' मध्ये ते दर्शक आहे आणि वाक्य सिम्पल, 'आय नो दॅट ही लाइड' मध्ये ते नामवाक्य, म्हणजे नामाचे काम करणारे उपवाक्य आणते, 'द हाउस दॅट वी बॉट इज ओल्ड' मध्ये ते विशेषणवाक्य, म्हणजे विशेषणाचे काम करणारे उपवाक्य आणते.

'सो'च्या बाबतीत तीन वाक्ये शेजारी शेजारी मांडून दाखवावीत, कारण 'रिमूव्ह टू' आणि 'यूज सो दॅट' यांसारखे प्रश्न याच तिकडीवर बेतलेले असतात. 'ही वॉज टू टायर्ड टू वॉक' हे सिम्पल. 'वॉक' नॉन-फायनाइट आहे. 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक' हे कॉम्प्लेक्स; 'दॅट'पासूनचे उपवाक्य 'सो टायर्ड'चे प्रमाण सांगते आणि त्याच्यावर टेकलेले आहे. 'ही वॉज टायर्ड, सो ही कुड नॉट वॉक' हे कंपाउंड. येथील 'सो' हे परिणामबोधक अव्यय आहे. अर्थ तिन्हींचा एकच, रचना तीन. यावरून हेही कळते की अर्थावरून रचना ठरवता येत नाही. 'वर्क हार्ड अँड यू विल पास' याचा अर्थ 'अभ्यास केलास तर पास होशील' असा सशर्त आहे, तरीही दोन बरोबरीची उपवाक्ये 'अँड'ने जोडल्यामुळे ते कंपाउंड आहे; पहिल्या उपवाक्यात आज्ञार्थी क्रियापद असल्याने कर्ता दिसत नाही इतकेच.

मराठीत भाषांतर करून मग ओळखण्याची सवय याच कारणाने घातक आहे. 'पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला' हे मराठीत केवल वाक्य आहे, आणि 'ॲज इट रेन्ड, द मॅच वॉज कॅन्सल्ड' याचे भाषांतर बहुतेक मुले असेच करतील. पण इंग्रजी वाक्यात 'रेन्ड' हे फायनाइट आहे आणि ते कॉम्प्लेक्स आहे. धातुसाधित ही कल्पना मराठीतून घ्यावी, निर्णय मात्र समोर असलेल्या इंग्रजी वाक्यावरच करावा.

'मुख्य उपवाक्य स्वतंत्र उभे राहू शकते, गौण उपवाक्य राहू शकत नाही' ही व्याख्या पाठ्यपुस्तकांत सगळीकडे असते. 'व्हेन द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट' या प्रकारच्या वाक्यांत ती उत्तम चालते. परंतु 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू' हे वाक्य घ्या. गौण उपवाक्य 'व्हॉट ही सेड' बाजूला काढले की 'वॉज ट्रू' एवढेच उरते आणि ते काही स्वतंत्र उभे राहत नाही. हुशार विद्यार्थी येथे म्हणतात की मुख्य उपवाक्यच नाही, आणि पाठ केलेल्या व्याख्येप्रमाणे त्यांचे म्हणणे चूक नाही. येथे गौण उपवाक्य मुख्य उपवाक्याच्या बाहेर चिकटलेले नसून त्याचा कर्ता बनून आत बसलेले आहे, म्हणून ते काढले की भोक पडते. अशा वेळी त्या संपूर्ण उपवाक्याच्या जागी 'इट' ठेवून पाहावे: 'इट वॉज ट्रू'. बसले, म्हणजे ते नामवाक्य आणि वाक्य कॉम्प्लेक्स. 'आय नो व्हेअर ही लिव्ह्ज' यातही 'आय नो इट' असे बसते. 'व्हेअर' पाहून त्याला क्रियाविशेषणवाक्य म्हणणे ही चूक या कसोटीने टळते. विशेषणवाक्य नेहमी एखाद्या नामाच्या पाठीशी उभे असते आणि 'कोणता' या प्रश्नाचे उत्तर देते. क्रियाविशेषणवाक्य 'केव्हा', 'का', 'कसे' किंवा 'कोणत्या अटीवर' हे सांगते आणि ते काढून टाकले तरी उरलेले वाक्य बहुधा धड असते. नुसता प्रकार ओळखायचा असेल तर एवढे खोलात जाण्याची गरज नसते, पण उपवाक्याचे नाव विचारले तर असते.

जुन्या पुस्तकांतील आणखी एक बारकावा थोडक्यात नोंदवतो. 'ही गेव्ह मी अ लेटर, व्हिच आय पोस्टेड ॲट वन्स' यातील 'व्हिच'चा अर्थ 'अँड इट' असा होतो, म्हणून काही जुने व्याकरणकार त्याला कंटिन्युएटिव्ह म्हणतात आणि ते उपवाक्य बरोबरीचे मानतात. आज सर्वसाधारणपणे असे वाक्य कॉम्प्लेक्सच धरतात, आणि शालेय उत्तरातही तेच सुरक्षित आहे.

आता 'अँड'कडे परत येतो, कारण मिश्र आणि संयुक्त अशी दोन्ही रचना असलेले वाक्य, ज्याला कंपाउंड-कॉम्प्लेक्स म्हणतात, ते ओळखताना शेवटची चूक तेथेच होते. 'आय नो दॅट ही इज पूअर अँड दॅट ही इज ऑनेस्ट' यात तीन फायनाइट क्रियापदे आहेत, 'दॅट' आहे आणि 'अँड'ही आहे. म्हणून घाईने कंपाउंड-कॉम्प्लेक्स लिहिले जाते. पण 'अँड' येथे दोन गौण उपवाक्यांना जोडते; मुख्य उपवाक्य 'आय नो' हे एकच आहे. म्हणून वाक्य कॉम्प्लेक्स. याउलट 'व्हेन द रेन स्टॉप्ड, द अंपायर्स केम आउट अँड द मॅच बिगॅन' यात 'अँड' दोन मुख्य उपवाक्यांना जोडते आणि 'व्हेन'चे गौण उपवाक्य वेगळे आहे, म्हणून कंपाउंड-कॉम्प्लेक्स. मुलाला प्रत्येक 'अँड'पाशी थांबवून 'हे कोणाला कोणाशी जोडते?' असे विचारावे: दोन नावे, दोन क्रियापदे, दोन गौण उपवाक्ये, की दोन मुख्य उपवाक्ये?

घरी सराव करून घेताना वाक्य कागदावर लिहून आधी प्रत्येक फायनाइट गटाखाली रेघ ओढावी, मग प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा, मग उपवाक्यांभोवती कंस टाकावेत, आणि त्यानंतरच जोडशब्दाकडे पाहून नाते ठरवावे. एक वाक्य या क्रमाने सोडवून दाखवतो: 'द फार्मर्स हू हॅड सोन कॉटन अर्ली वेअर हॅपी व्हेन द रेन केम, बट दोज वेटिंग फॉर अ सेकंड शॉवर लॉस्ट अ होल वीक.' रेघा येतात 'हॅड सोन', 'वेअर', 'केम' आणि 'लॉस्ट' या चार ठिकाणी. 'वेटिंग' हे धातुसाधितासारखे असल्यामुळे त्याखाली रेघ नाही. कर्ते अनुक्रमे 'हू', 'द फार्मर्स', 'द रेन' आणि 'दोज' असे निघतात. 'हू हॅड सोन कॉटन अर्ली' हे 'फार्मर्स'च्या पाठीशी उभे राहून कोणते शेतकरी ते सांगते, म्हणून विशेषणवाक्य. 'व्हेन द रेन केम' हे केव्हा ते सांगते, म्हणून क्रियाविशेषणवाक्य. ही दोन कंसात गेल्यावर 'द फार्मर्स वेअर हॅपी' आणि 'दोज वेटिंग फॉर अ सेकंड शॉवर लॉस्ट अ होल वीक' ही दोन मुख्य उपवाक्ये 'बट'ने जोडलेली उरतात. म्हणून उत्तर कंपाउंड-कॉम्प्लेक्स. यानंतर मुलाला त्याच वाक्यातील 'दोज वेटिंग'चे 'दोज हू वेअर वेटिंग' करायला सांगावे आणि रेघा पुन्हा मोजायला लावाव्यात: आता त्या पाच होतील आणि एक विशेषणवाक्य वाढेल, पण मुख्य उपवाक्ये दोनच असल्याने वाक्याचा प्रकार बदलणार नाही. मग 'बट'च्या जागी पूर्णविराम देऊन दोन वाक्ये करायला लावावीत. दोन्ही कॉम्प्लेक्स का आहेत, हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले तर पुढच्या धड्याकडे जायला हरकत नाही.